रुईच्या गोदामातलं विलायती कोर्ट

अकोला, सोमवार, ३ जानेवारी १९५५

कापसाचा हंगाम भरात, जिनिंगचा कारखाना दिवसरात्र चालू. नाकात रुई, कानात रुई, चहात रुई. संध्याकाळी जिनातून घरी आलो तर अंगणात बॅडमिंटन. दोन बांबूंना दोरी बांधून मधू आणि नलिनी खेळत होते, आणि कंपाउंडच्या भिंतीवर निम्मी गल्ली चढलेली. वाऱ्याने फूल भलतीकडेच जायचं. नलिनी पदर खोचून अशी धावते की आमच्या चिरंजीवांची दमछाक. लग्नाला दोन वर्षं झाली, सून हरायला तयार नाही आणि मुलगा हरून खूश. मला मजा वाटली. चेहऱ्यावर दाखवली नाही.

जेवताना ही म्हणाली, "अमरावतीचं पत्र आलं, वाचलं का?" वाचलं. नलिनीचे वडील, आमचे व्याही वकीलसाहेब (यापुढे नुसतं व.सा., रोज एवढं कोण लिहिणार) यांनी तिकडे जुन्या नाटकगृहाचा हॉल भाड्याने घेतलाय. फी घेऊन बॅडमिंटनचा क्लब काढायचा. चालवायला भरवशाचा माणूस हवा. तो माणूस म्हणजे जावईबापू. व.सा.ना मुलगा नाही, नलिनी एकुलती. क्लब हे निमित्त, एवढं मला समजतं.

मधू गेला म्हणजे नलिनी गेली. मग एवढ्या मोठ्या घरात मी आणि ही एकमेकांची तोंडं बघत बसणार. हे मला नको आहे. स्पष्ट लिहून ठेवतो, कारण तोंडाने मी कधी म्हणणार नाही.

मंगळवार, ४ जाने.

मधूला म्हणालो, "कलब काढाचा तर इथं काढ. अमरावतीले काय सोनं लागलं?"
"इथं कुठं काढू बाबा? अंगनात?"
"जुनं गोदाम घे."

बोललो आणि मीच दचकलो. पण गोष्ट वाईट नाही. उंच छप्पर, वारा शिरत नाही, आणि ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत तिथे घुबडांशिवाय कोणी राहत नाही. अट मात्र घातली. दिवाळीला गोदाम मोकळं पाहिजे, रुई यायची असते. "हाव बाबा," म्हणाला. फार लवकर हो म्हणाला.

शनि., ८ जाने.

तिघे गोदाम बघून आलो. खाली शहाबादी फरशी. मी म्हटलं, माती टाकून शेणाने सारवून घेऊ, मऊ होईल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसू दाबलं हे मला दिसलं.

नलिनी म्हणाली, "मामाजी, फरशीवर उडी मारली का गुडघ्यात कळ येते. लाकडी जमीन असली तर खेळता येईल मले. नाही तर डॉक्टर म्हणते, बंद करा." कॉलेजात सिमेंटवर खेळून गुडघा दुखावलाय, हे मला आजच कळलं. दोन वर्षं घरात जिना चढउतार करते, कधी बोलली नाही.

मधूकडे इंग्लंडच्या एका कंपनीची चित्रं आहेत. मेपल नावाच्या लाकडाच्या फळ्या, एकमेकींत खाचेने बसतात, पायाखाली किंचित लचकतात. पाहिजे तेव्हा उचलता येतात. म्हणजे जमीनसुद्धा आता विलायतेहून आणायची! वऱ्हाडात जमीन कमी पडली होती काय? पण गुडघ्याचं ऐकलं होतं. "मागव," म्हणालो.

शनि., १५ जाने.

काल संक्रांत. व.सा. तिळगूळ घेऊन स्वतः आले. गोड बोलायचं निमित्त त्यांना लागत नाही, कालच्या दिवशी तर काय विचारता. सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, आणि म्हणाले, "बापूसाहेब, छान! मग दोन कोर्टं मागवू. एक तुमच्या गोदामात, एक माझ्या हॉलात. मधुकरराव दोन्हीकडे बघतील."

दोन्हीकडे म्हणजे कुठे राहून, हे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. खर्च निम्मा निम्मा ठरला. जाताना माझ्या हातात हात घेऊन बसले होते. माणूस लबाड आहे, पण मला आवडतो, हीच पंचाईत.

बुध., ९ फेब्रु.

नमुना आला. हातभर फळी, दुधासारखी गोरी. पेढीच्या गादीवर ठेवली. मधू म्हणतो तिचं काय बघायचं, कंपनी नामांकित आहे. मी म्हटलं, जन्मभर नमुना बघून माल घेतला. अंगठ्याने घासली, वास घेतला, कडेचा एक धागा ओढून लांबी बघायला गेलो तर बोटात कुसळ गेलं. नलिनीने सुईने काढलं आणि वर म्हणाली, "मामाजी, ह्या कापसाचा धागा आखूड दिसते." दिवसभर आठवून हसू येत होतं.

दुपारी एक दलाल आला होता. फळी हातात घेऊन गंभीरपणे म्हणाला, "माल चांगला आहे, कोन्या गावचा?"

शनि., १२ मार्च

मंगळवारी मुंबईहून कंपनीच्या एजंटचं पत्र आलं. आयातीचा परवाना मिळाला, पण एकाच कोर्टाचा. दुसऱ्याला सरकार परकी चलन देत नाही.

आता एक कोर्ट आणि दोन व्याही. व.सा.ना तार केली. उलट पत्र आलं ते साखरेत घोळून, "बोट लागेल तेव्हा ज्यांची जागा तयार, तिथे फळ्या उतरवू. यात आपपर नाही." वकिली डोकं. त्यांचा हॉल रिकामा आहे, माझं गोदाम छपरापर्यंत रुईने भरलेलं, हे ठाऊक आहे त्यांना.

रवि., २० मार्च

उस्मान मुकादमाला बोलावलं. वीस वर्षं माझ्या जिनात आहे, माझ्या आवाजावरून राग ओळखतो. म्हटलं, जुनं गोदाम खाली कर, रुई मिळेल तिथे हलव.
"सेठ, हंगाम खतम नाही झाला."
"माहीत आहे."
"मग काहून?"
"नलिनीले खेळाचं आहे."
एवढ्यावर तो गाड्या जुंपायला गेला. बाजारात मात्र हसून राहिले सगळे. बापूसाहेबाने सुनेसाठी कापूस रस्त्यावर आणला म्हणतात. म्हणू दे.

शनि., १६ एप्रिल

गोदाम मोकळं, धुतलं, चुना मारला. घुबडं गेली. व.सा.ना कळवलं, "जागा तयार." उत्तर नाही.

शनि., १४ मे

बोट लागली, मधू गोदीवर जाऊन कागद करून आला, वॅगन निघाली. सगळं यथास्थित. आज स्टेशनवर गेलो तर आमची वॅगन अकोल्याला गाडीपासून वेगळी केलीच नाही, गाडीबरोबर पुढे बडनेऱ्याला गेली. म्हणजे अमरावतीच्या दारात! घरी येतो तर व.सा.ची तार, "माल बडनेऱ्यास सुखरूप. काळजी नसावी."

काळजी नसावी! मधूला पुढच्या गाडीने पाठवला.

गुरु., १९ मे

मधू वॅगन घेऊन आला. व.सा. बडनेऱ्याला वॅगनजवळ छत्री घेऊन बसले होते म्हणे, फळ्यांना ऊन लागू नये म्हणून. उतरवून घेतल्या असत्या तर कोण अडवत होतं? पण नाही उतरवल्या. शब्द पाळला. मला थोडी लाज वाटली.

पेट्या उघडल्या. काय रंग, काय गुळगुळीत! ही दारात उभी राहून म्हणाली, "बाई गं, याच्यावर पाय कसा द्यावा मानसानं." मधूने हौसेने मागच्या कोपऱ्यात थोड्या फळ्या घट्ट ठोकून बसवून दाखवल्या. नलिनी त्यावर अनवाणी नुसती उभी राहिली, मग हलकेच एक उडी मारली. गुडघ्याला हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दुखत नाही. सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

रवि., २२ मे

दोघं अमरावतीला गेले, नलिनीच्या चुलतबहिणीचं लग्न. निघताना मधूने बजावलं, "बाबा, फळ्या उघड्याच राहू द्या. पुस्तकात लिहून आहे, आधी त्या जागेच्या हवेले सरावल्या पायजे. मी आल्यावर बसवू."

उन्हाचा तडाखा भयंकर. दुपारी गोदामाच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही.

मंगळ., २४ मे

सारखं मनात येतं. बर्फातलं लाकूड आपण आणून टाकलं अकोल्याच्या मे महिन्यात. ही हवा आम्हाला सोसत नाही, त्याला कशी सोसावी? तडकलं तर? कोरडी रुईसुद्धा आपण तशीच दाबत नाही, गठाण बांधायच्या आधी पाण्याचा हलका शिडकावा मारतो, म्हणजे धागा तुटत नाही. लाकूड तरी वेगळं काय, तेही झाडाचंच.

उस्मानला सांगून गोदामाच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावल्या. दिवसभर त्यांवर पाणी. फळ्यांवर सकाळ-संध्याकाळ शिडकावा. आत कसं गार, सुगंधी झालं! मी दुपारची गादी तिकडेच टाकली. ही म्हणते, "माह्या बाळंतपनात एवढं नाही केलं."

रवि., २९ मे

फळ्या मजेत आहेत. हात लावला तर गार. अमरावतीत यांना कोणी एवढं जपलं असतं? व.सा. फार तर छत्री धरतील.

गुरु., २ जून

आले दोघं. लिहवत नाही, पण लिहितो.

मधूने ताटी बाजूला सारली आणि दारातच थांबला. फळ्या फुगल्या आहेत. कडा वर, पोट खाली, नुकत्याच तळलेल्या पापडासारख्या. मला रोज बघून दिसलंच नव्हतं. मधूने एक फळी उचलली, दुसरीच्या खाचेत घालून बघितली. जाईना. ठेवून दिली. माझ्याकडे बघून काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला ओरडायला तरी मिळालं असतं.

नलिनीने विचारलं, "मामाजी, काहून पानी मारलं?"
"उन्हाचा त्रास होईन म्हणून."
तिला हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. "तुमी त्याह्यलेही टरबूज कापून नाही दिलं ना?" म्हणाली आणि माझ्या हातातली झारी काढून घेतली.

रवि., ५ जून

व.सा.ना कोणी कळवलं कोण जाणे. पत्रात लिहितात, "फळ्या इकडे पाठवाव्या. हॉल कोरडा आहे, सुतार चांगले आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." शेवटच्या वाक्याने जास्त लागलं.

मी मधूला म्हणालो, रुई दाबायच्या प्रेसमध्ये घालून दाबू, गठाणी सरळ होतात तर फळ्या का नाही. नलिनीने प्रेसची किल्लीच लपवून ठेवली.

रवि., १२ जून

मधूने फळ्यांची थप्पी लावली आहे, मधे मधे काड्या घालून, वर दोन गठाणींचं वजन. वारा लागू द्यायचा आणि वाट बघायची. मला गोदामात जायची परवानगी आहे, पाण्याशिवाय.

शनि., १६ जुलै

पाऊस चांगला. पेरण्या झाल्या. थप्पीतल्या फळ्या हळूहळू सपाट होताहेत. मधू माझ्याशी कामापुरतं बोलतो. रागावलेला नाही, तेवढं कळतं. पण अमरावतीच्या पत्रांना तो आता स्वतः उत्तर लिहितो, आधी नलिनी लिहायची.

शनि., ३० जुलै

मधू धावत गादीवर आला. "बाबा, चला." कोपऱ्यात त्याने मे महिन्यात घट्ट ठोकलेल्या त्या थोड्या फळ्या, ज्यांना मी पाण्याचा थेंबही लावला नव्हता, त्या पावसाच्या दमट हवेनेच फुगून वर उठल्या होत्या. मधोमध उंटाची पाठ.

"तुमी पानी मारलं नसतं तर मी जूनातच पुरं कोर्ट असं घट्ट बसवलं असतं. सारं उठलं असतं बाबा. आता मधे फट ठेवून बसवतो."

खरं असेल. की मला बरं वाटावं म्हणून बोलला? त्याचा चेहरा नीट बघितला, समजलं नाही. जे असेल ते, मी घेतलं. घरी येऊन हिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "हाव, तुमीच वाचवलं. जेवा आता."

सोम., १ ऑगस्ट

हिने कॅलेंडर दाखवलं. पोळ्यानंतर अधिक भाद्रपद. "धोंड्याच्या महिन्यात मुहूर्त नसते. जे कराचं ते पोयाच्या आत करा." सुतारांना दुप्पट कामाला लावलं.

रवि., १४ ऑगस्ट

क्लब उघडला. नारळ उस्मानच्या हातून फोडला, रुई त्यानेच हलवली होती. पहिल्याच दिवशी वकील, डॉक्टर, दोन मास्तर आणि बँकेतला एक मद्रासी यांनी फी भरली. जुन्या शहरातून नदी ओलांडून पोट्टे बघायला आले, दारात ही गर्दी.

पहिला खेळ मधू विरुद्ध नलिनी. फळ्यांवर पावलांचा आवाज येतो, ढोलकीवर बोटं पडावीत तसा. नलिनी जिंकली. गुडघा धरून बसली नाही. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, मग लक्षात आलं की मी एकटाच उभा आहे.

गुरु., २५ ऑगस्ट

मला या अधिक महिन्याची आठवण राहायला हवी होती. तीन वर्षांनी येतो आणि नेमका यंदा. सासऱ्याने जावयाला वाण द्यायचं. व.सा. आणि विहीणबाई आज स्वतः आले. चांदीचं ताट, त्यात अनारसे, वर दिवा. मधूने अनारसे काढले तर खाली किल्ली. अमरावतीच्या हॉलची.

व.सा. म्हणाले, "बापूसाहेब, तुमचीच अट आहे, दिवाळीला गोदाम मोकळं. तेव्हा फळ्या उचलाव्याच लागतील. मग त्या माझ्याकडे बसवू. बारा महिने क्लब चालेल, मुलांनाही स्थिरता."

अट माझीच. धोंड्याच्या वाणाला कोणी नाही म्हणत नाही. मधूने ताट घेतलं, वाकून नमस्कार केला. किल्लीवर त्याची बोटं जरा थांबली. मी अनारसा खाल्ला. चांगला झाला होता, हे आणखी वाईट.

जाताना व.सा. माझ्याजवळ हळूच म्हणाले, "पोरांना तुम्ही दोन वर्षं ठेवून घेतलंत. मलाही घरात पावलं वाजलेली हवी आहेत हो." त्यांच्यावर रागावता येत नाही. माझंच वाक्य बोलले ते.

रवि., ४ सप्टें.

क्लब रोज भरतो. आता सकाळी चार बायकाही येतात, नलिनी शिकवते. त्यांतली एक आमच्या दलालाची बायको, नऊवारीत, काय फटका मारते!

मधूशी किल्लीबद्दल बोलणं झालेलं नाही. किल्ली देवघरात ठेवली आहे हिने.

शनि., २४ सप्टें.

काल महालक्ष्म्या गेल्या. घर भरलं होतं, आज रिकामं वाटतं. हिने सकाळी पूजेत मधूला सरळ विचारलं, "जातोस का रे?" तो म्हणाला, "दसऱ्याच्या आत सांगतो आई. नलिनीच्या बाबाले नाही म्हनाचं तर तोंडावर म्हनलं पायजे, हो म्हनाचं तरी." मग माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मी काही बोलेन. मी गणपतीची आरती पुन्हा सुरू केली, एकदा झाली होती तरी.

मंगळ., ११ ऑक्टो.

दोघं सकाळच्या गाडीने अमरावतीला गेले. किल्ली बरोबर नेली. काय सांगायला जातात, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नलिनी पाया पडली तेव्हा डोक्यावर हात ठेवला, तो काढायचा राहिला. ही म्हणाली, "गाडी चुकंन तिची."

गुरु., १३ ऑक्टो.

यंदाचा पहिला कापूस आला. लवकर आला. दहीहांडा गावाकडच्या गाड्या, पांढराशुभ्र माल. उस्मान गादीवर येऊन उभा.

"सेठ, फळ्या उचलू का? गोदामात टाकाचा ना माल?"

हीच माझी अट. मीच घातलेली, सगळ्यांसमोर. आभाळाकडे बघितलं, पश्चिमेला ढग होते. माल बाहेर टाकला आणि भिजला तर बाजार पुन्हा हसणार, आणि या वेळी बरोबर हसणार.

म्हटलं, "मैदानात टाक. ताडपत्री घाल. गोदामाले हात लावू नको."
"दिवाळीपर्यंत?"
"मी सांगीन तवर."

तो गेला. मीच मग गोदामात गेलो, वहाणा बाहेर काढून. कोर्टावरचं जाळं तसंच बांधलेलं. दाराशी कोनाड्यात नलिनीचे कॅनव्हासचे बूट आहेत. अमरावतीला नेले नाहीत. घरी येऊन हिला विचारलं, विसरली असेल का? ही म्हणाली, "ते पोरगी कंदी काही विसरली का आतापर्यंत?"

विसरत नाही ती. पण घाईत होते. गाडीची वेळ झाली होती.

परत गोदामात गेलो. बूट घरी आणावेसे वाटले, मग आणले नाहीत. खडू लावून पांढरे करून होते तिथेच ठेवायचं ठरवलं. खडू पाण्यात कालवून लावायचा असतो, म्हणून मागोमाग आलेल्या उस्मानने हसत विचारलं, "सेठ, पानी आनू?" म्हटलं, "आन. थोडंसंच."